बगॅसची पाच खणी थाळी ओल्या साच्यातून सुटत नाही, खणांच्या चौकात फाटते

पंचगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात आमचं बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ताटल्या-वाट्यांचं छोटं युनिट आहे. १ जुलै २०२२ ला एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यानंतर मशिनं घेतली. फॉर्मिंग (जाळीच्या साच्यावर लगद्याला ओला आकार देणं) आणि हॉट प्रेस (गरम साच्यात दाबून वाळवणं) वेगवेगळे, सेमी-ऑटो. पल्प, म्हणजे लगदा, कागद कारखान्याकडून शीटमध्ये येतो. आम्ही तो पल्परमध्ये फोडतो आणि टाकीत साधारण अर्धा टक्का कन्सिस्टन्सी (पाण्यात लगद्याचं प्रमाण) ठेवतो.

साधी ताटली, वाटी, बाऊल यांचा काही त्रास नाही. त्रास पाच खणी थाळीचा आहे. आमच्या फॉर्मिंग साच्यात थाळी पालथी बनते, म्हणजे खणांमधल्या भिंती साच्यात खोबणीसारख्या खाली जातात. वरचा ट्रान्सफर साचा थाळी उचलतो तेव्हा जिथे दोन भिंती एकमेकींना छेदतात तो चौक खालच्या जाळीलाच राहतो. थाळीला भोक पडतं, जाळीवर लगद्याचा गोळा उरतो आणि पुढचा माल तिथे जाडा येतो. मग तो प्रेसमध्ये नीट वाळत नाही. एकाच थाळीतून तीन दुखणी.

दिवाळीनंतर हे सुरू झालं. सकाळच्या शिफ्टला जास्त, दुपारी कमी. पाणी खेचणारा व्हॅक्यूम पाऱ्याच्या ५५० मिमीच्या आसपास दिसतो, थाळी सोडवायला खालून मारतो ती ब्लोची हवा ४ केजी दाबाची. पाणी बोअरचं. जाळी मशीन आली तेव्हाचीच आहे.

मशीनवाल्यांचा माणूस फोनवर सांगतो, सिलिकॉन स्प्रे मारा, सुटेल. मला तो मारायचा नाही. ही थाळी आमच्याच गावच्या जत्रेत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाढली जाते, आणि त्यावर गरम आमटी पडते. शिवाय पुण्याचे एक घेणारे मायग्रेशनचा (थाळीतलं काय अन्नात उतरतं त्याचा) रिपोर्ट मागतात. पण स्प्रे नाही तर काय, हे मला ठामपणे सांगता येत नाही आणि पोरं ब्लो-गन घेऊन एकेक थाळी सोडवत बसली आहेत. आधी काय तपासू, नंतर काय तपासू, कुणी सांगाल का?

जुना_टूलरूम:

ताई, स्प्रे मारायचा नाही ही तुमची भूमिका बरोबर आहे. ती सोडू नका. ओल्या साच्यावर मारलेलं सिलिकॉन साच्यावर राहत नाही. पुढच्याच डुबकीत ते टाकीत उतरतं, टाकीचं पाणी आपण फिरवून फिरवून वापरतो, म्हणजे ते सगळ्या मालात जातं. तंतू एकमेकांना धरतात त्या जागी ते बसलं की थाळी कमजोर होते. आज चौक सुटेल, महिन्याभराने काठ तडकायला लागतील, आणि तेव्हा कुणाला स्प्रे आठवणार नाही.

आता तुमच्या दुखण्याकडे. अर्धं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. दोष कायम एकाच जागी येतो. लगदा वाईट असता तर थाळी आज इथे, उद्या तिथे फाटली असती आणि बाऊलनेही त्रास दिला असता. एकाच जागी चिकटतं म्हणजे साच्यात त्या जागी काहीतरी आहे. आणि सकाळी जास्त, दुपारी कमी, म्हणजे त्यावर थंड पाण्याची भर पडते आहे. दोन्ही वेगळे धरा.

ओला माल जाळीला का धरून राहतो ते आधी बघू. व्हॅक्यूम खाऊन झाल्यावरही त्या थाळीत पाऊण भाग पाणीच असतं. तिला जाळीशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: जाळीच्या घरांत शिरलेली तंतूंची टोकं, माल आणि तार यांच्या मधली पाण्याची पातळ फिल्म, आणि साच्याच्या पोटात उरलेला व्हॅक्यूम. ब्लोची हवा या तिन्हींवर एकदम मात करते, पण एका अटीवर. ती सगळीकडे सारखी पोचली पाहिजे. हवा सोप्या वाटेने जाते. सपाट भागात भोकं मोकळी असली की ती तिथूनच निघून जाते, आणि जिथे वाट बंद आहे तिथला माल जाळीला तसाच राहतो. वरचा साचा उचलतो तेव्हा बाकीची थाळी वर, चौक खाली. फाटणारच.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. फॉर्मिंगचा साचा काढा, टेबलावर सपाट ठेवा, जाळी वर. काठाला माती किंवा पुठ्ठा लावून त्यावर बोटभर पाणी उभं करा. साधंच पाणी, साबण नको, तो धुवत बसावा लागतो. पाठीमागून हवा द्या, पण ४ केजी नाही. रेग्युलेटर पूर्ण बंद करून अगदी हळू उघडत जा. आधी एकदोन ठिकाणी बुडबुडे येतील, मग पसरत जातील. खोबणीत पाणी खोल असल्याने तिथे किंचित उशिरा येतात, तेवढं सोडून द्या. हवा वाढवत नेली की सगळी जाळी तांदूळ शिजतो तशी फुटायला लागते. तेव्हा वाकून बघा, कुठली जागा अजून गप्प आहे. मार्कर घेऊन त्या जागेभोवती गोल करा आणि मोबाईलवर फोटो काढा. माझा अंदाज आहे, चौकातच गोल निघेल.

तो निघाला तर कारणं तीनपैकी एक. एक तर तिथे जाळीचा जोड आहे: खोबणीत जाळी बसवताना सुरकुती पडते, मग कापून एकावर एक चढवतात आणि स्पॉट वेल्ड मारतात. दोन थर आणि वेल्डचे ठिपके, वाट बंद. दुसरं, बोअरच्या पाण्याचा क्षार आणि बगॅसचा भुसा तिथे साचून घट्ट झाला आहे. तिसरं, साचा बनवणाऱ्याने चौकाच्या खाली भोकंच मारलेली नाहीत, कारण पाठीमागे बोल्ट किंवा रिब, म्हणजे उभी पट्टी, आली. हे तिसरं फार वेळा बघितलं आहे. ड्रॉइंगवर कुणी विचारत नाही.

क्षार असेल तर कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, वजनाने ५ टक्के, त्यात जाळी भिजत ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि पाठीमागून प्रेशरच्या पाण्याने धुवा. समोरून धुतलं तर कचरा भोकांत आत जातो. कॉस्टिक चुकूनही नको, अ‍ॅल्युमिनियमचा साचा खातो. मीठ-अ‍ॅसिड नको, स्टेनलेसच्या तारेला बारीक खड्डे पाडतं आणि त्याच खड्ड्यांत पुढे तंतू अडकतात. आणि टाकीत कुणी हायपो (ब्लीचचं द्रावण) वापरत असेल तर त्याचा आणि अ‍ॅसिडचा संबंध येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, त्याने माणूस जातो. हातमोजे, गॉगल लावूनच.

मग क्रम बघा. वरच्या साच्याचा व्हॅक्यूम आधी लागला पाहिजे, मग खालचा बंद, मग खालून छोटा ब्लो, मग उचल. खालचा व्हॅक्यूम बंद केला म्हणजे तो तत्क्षणी शून्य झाला असं नसतं. व्हॉल्व्ह सुटायला, पोटातली पोकळी भरायला वेळ लागतो. साच्याच्या शेजारी गेज लावून काटा डोळ्यांनी बघा. काटा शून्यावर यायच्या आत साचा उचलत असेल तर तुम्ही दोन्हीकडून थाळी ओढता आहात. साच्याच्या पोटात पाणी साचलं असेल तर ब्लो सोडला की हवेआधी पाण्याचा गोळा येऊन आदळतो, त्यानेही भोक पडतं. आणि पहिले ५-१० मिमी सावकाश उचला, मग वेग द्या.

शेवटचं, वरचा साचा थाळीला सगळीकडे टेकतो का. मुलांच्या खेळायच्या मातीच्या, प्लॅस्टिसिनच्या, गोळ्या चार कोपऱ्यांत आणि चौकात ठेवा, साचा बंद करा, उघडा, चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. एका बाजूला जास्त आली तर साचा सरळ खाली आणणारे गाइड पिलर किंवा त्यांचे बुश झिजलेत. चौकात जास्त आली तर वरच्या साच्याची रिब खोबणीत पुरेशी उतरतच नाही, मग तिथला व्हॅक्यूम थाळी धरणार कशाने?

लगदा_रसायन:

दादांचं बहुतेक पटतं, एका गोष्टीवर मात्र थोडं वेगळं बोलतो. बाऊल नीट सुटतो म्हणून लगदा निर्दोष, असं धरू नका. बाऊलचा आकार मोकळा आहे, तो कमजोर लगदाही खपवून घेतो. खणाची थाळी खपवून घेत नाही. साच्यातली आंधळी जागा थाळीला धरून ठेवते हे खरं, पण ओढ बसल्यावर ती फाटायची की ताणून सुटायची, हे लगदा ठरवतो.

बगॅसचा तंतू आखूड असतो, सरासरी दीड मिलिमीटरच्या आत. पाइनसारख्या लाकडाचा त्याच्या दुपटीहून लांब. आणि उसाच्या चिपाडात तंतूबरोबर गाभ्याचा भुसा येतो, ज्याला कागदवाले पिथ म्हणतात, तो साधारण तिसरा हिस्सा असतो. कारखान्यात डीपिथिंग नीट झालं नसेल तर तो शीटमधून तुमच्या टाकीत येतो. तो पाणी धरून ठेवतो, जाळीची घरं बुजवतो आणि मालाला ताकद देत नाही. पल्प देणाऱ्याकडून प्रत्येक लॉटचा एसआर आकडा (लगद्यातून पाणी किती सावकाश निथळतं त्याचं माप) मागा. दिवाळीनंतरचे लॉट आधीच्यापेक्षा चढे असतील तर निचरा मंद होणार हे नक्की. मागून मिळाला नाही तर घरचा उपाय: एक लिटर टाकीचं पाणी तुमच्याच जाळीच्या तुकड्यावर ओता आणि किती सेकंदांत खाली उतरतं ते रोज सकाळी वहीत लिहा. प्रयोगशाळेचा आकडा नाही, पण कालच्यापेक्षा आज वेगळं आहे का ते कळतं.

लांब तंतूच्या पल्पचे १०-२० टक्के मिसळून बघा, बांबूचा मिळाला तर उत्तम. ओल्या थाळीची ताकद लगेच जाणवते. खर्च वाढतो, म्हणून फक्त खणाच्या थाळीच्या रनला वापरा.

सकाळच्या त्रासाबद्दल. पाण्याची चिकटाई २० अंशांना साधारण १ सेंटीपॉइज असते, ४० अंशांना ०.६५. म्हणजे थंड पाणी त्याच व्हॅक्यूमला जाळीतून हळू उतरतं, आणि तितक्याच सेकंदांत थाळी जास्त ओली राहते. जास्त ओली थाळी जास्त नाजूक. डिसेंबरच्या सकाळी शिरोळकडे रात्रभर उभं राहिलेलं बोअरचं पाणी आणि दुपारचं फिरून तापलेलं पाणी यांत हा फरक आहे. सकाळी व्हॅक्यूमचा टायमर थोडा वाढवा, नाहीतर हॉट प्रेसच्या उष्णतेचा उपयोग करून टाकीचं पाणी कोमट ठेवा. मात्र टायमर हवा तितका वाढवू नका. जास्त वेळ खेचलं की तंतूंची टोकं जाळीत आणखी खोल जातात आणि सुटणं उलट अवघड होतं. आणि पाणी ३५-४० अंशांवर ठेवलं की बुळबुळीत शेवाळासारखा थर धरतो, तो जाळीवर बसला तर पुन्हा तेच. टाकी आठवड्याला रिकामी करून धुवायची तयारी असेल तरच पाणी तापवा.

स्प्रेविषयी एवढंच: अन्नाला लागणाऱ्या शेतमाल-अवशेषांच्या भांड्यांसाठी आता आयएस १८२६७ हे २०२३ चं भारतीय मानक आहे. रिपोर्ट मागणारा ग्राहक आज पुण्याचा आहे, उद्या बाहेरचा असेल. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की कागदी खाद्यवेष्टनांतली पीएफएएस या फ्लोरिनच्या गटातली तेलरोधक रसायनं आता तिथे विकली जात नाहीत. युरोपात १२ ऑगस्ट २०२६ पासून खाद्यवेष्टनांतल्या पीएफएएसवर मर्यादा लागते. डब्यावर काय लिहिलंय हे न वाचता मारलेला कुठलाही स्प्रे, मग त्यात सिलिकॉन असो की फ्लोरोवालं काही, तुमच्या रिपोर्टमध्ये कधी उगवेल सांगता येत नाही.

जुना_टूलरूम:

लगद्याचं मान्य. वहीतला सेकंदांचा आकडा तर सगळ्यांनीच लिहावा. फक्त क्रम उलटा करू नका: आधी बुडबुडे, मग बांबू. साच्यातली आंधळी जागा तशीच ठेवून महागडा पल्प घातला तर थाळी फाटणार नाही, ताणली जाईल, आणि तो पातळ झालेला चौक गिऱ्हाइकाच्या हातात रस्सा सोडेल. कारखान्यात फाटलेली परवडली.

पंचगंगाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. साचा काढला आणि पाण्याचा प्रयोग केला. सगळी पोरं भोवती उभी होती. दादा म्हणाले तसंच झालं: सपाट भाग उकळल्यासारखा, काठही ठीक, आणि मधल्या चौकात पाणी स्तब्ध. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, आणि तिथून एका खोबणीत दोन बोटं लांब पट्टा. जाळी उचकटून बघितली तर जाळीला जोड आहेच, पण खाली साच्याला भोकंही नाहीत. पाठीमागून तिथे बोल्टची बॉस, म्हणजे बोल्ट बसायचा जाड उंचवटा, आली आहे. जाळीच्या खालच्या बाजूला पिवळट कडक थर होता, तो सायट्रिकने गेला.

गेजचंही बघितलं. काटा शून्यावर यायच्या थोडा आधीच उचल सुरू होत होती, टायमर सुधारला. नुसतं साफसफाई आणि टायमर एवढ्यावर फाटण्याचं प्रमाण बरंच उतरलं आहे, दुपारच्या शिफ्टला जवळपास नाहीच. सकाळी अजून होतं.

आता दोन प्रश्न. बॉसच्या जागी भोकं कशी मारायची? आणि दुसरं, हीच थाळी हॉट प्रेसमध्येही कधीकधी वरच्या साच्याला भिंतींपाशी धरते. प्रेस १८० अंशांवर आहे. तिथे टेफ्लॉन उडाल्यासारखं दिसतंय. पोरं पत्रीने खरवडतात, ते मी बंद केलं.

लगदा_रसायन:

खरवडणं बंद केलं हे फार चांगलं झालं. टेफ्लॉनला १८० अंश काहीच नाहीत, ते २६० पर्यंत सोसतं. ते मरतं पत्रीने. ओरखडा पडला की त्यात लगदा बसतो, जळतो, मग पुन्हा पत्री. साचा गरम असताना ओल्या सुती कापडाने किंवा बांबूच्या पट्टीने पुसायची सवय लावा.

गरम साच्यावर चिकटलेला थर तपकिरी आणि मेणचट असेल तर पाणीरोधक म्हणून घालता त्या एकेडीकडे बघा. ते ५० अंशांच्या आसपासच वितळतं. तंतूला न धरलेलं, पाण्यात मोकळं राहिलेलं एकेडी प्रेसमध्ये साच्यावर जमतं. टाकीचा पीएच ७.५ ते ८ च्या दरम्यान आहे का, आणि डोस मोजून पडतो की मगाने, हे आधी बघा. थर काळा, कोरडा, कोळशासारखा असेल तर तो जळालेला लगदा.

टेफ्लॉन पुन्हा चढवण्याआधी घेणाऱ्याला विचारा. टेफ्लॉन हासुद्धा फ्लोरिनचाच पदार्थ आहे, आणि युरोपच्या नियमात एकूण फ्लोरिन ५० पीपीएमच्या वर गेलं की ते कुठून आलं याची चौकशी होते. शाबूत कोटिंगचा त्रास नाही, उडणाऱ्या कपच्यांचा आहे.

उद्यमनगर_डायमेकर:

कोल्हापुरातून लिहितोय, साचे हेच आमचं काम. ताई, बॉसचं दुखणं ऐकून वाईट वाटलं, कारण ड्रॉइंगच्या वेळी बोल्ट पंधरा मिमी सरकवला असता तर हा त्रासच नव्हता. आता उपाय.

बॉसमधून सरळ भोक मारायला जाऊ नका, बोल्टचा आटा कमजोर होईल. त्यापेक्षा जाळी बसते त्या पृष्ठभागावर, जवळच्या चालू भोकापासून चौकापर्यंत उथळ नाळ्या मारा, एक-दीड मिमी खोल आणि तितक्याच रुंद. चौकात त्या एकमेकींना मिळू द्या. हवा आणि व्हॅक्यूम जाळीच्या खालून त्या नाळ्यांतून चौकापर्यंत पोचतात. व्हीएमसी मिलिंग मशीनवर तासाभराचं काम आहे. खोबणीच्या पट्ट्यात मात्र पाठीमागून ३ मिमीची भोकं नक्की मारता येतील, बॉस टाळून तिरकी. प्रत्येक भोकाची धार काउंटरसिंकने मोडा. बर, म्हणजे भोकाच्या काठाची उभी कड, राहिली तर ती जाळी वर उचलते आणि तिथे प्रत्येक थाळीवर फोड येतो.

जाळी नवीन घ्या, ३०४ स्टेनलेसची, एका तुकड्यात प्रेस करून खोबणीत बसवलेली. जोड टाळताच येत नसेल तर तो सपाट तळात घ्या, चौकात कधीच नको.

हॉट प्रेसमध्ये भिंतीपाशी धरतं म्हटलंत, तिथे कोटिंगच्या आधी कोन मोजा. बेव्हल प्रोट्रॅक्टर लावा. भिंतीचा उतार दर बाजूला ५ अंशांहून कमी आढळला तर दोष तिथे आहे. लगदा वाळताना आकसतो. साच्याच्या उंच भागावर बसलेला माल आकसून त्याला आवळतो, खोलगट भागापासून मात्र सुटा होतो. प्रेसमध्ये थाळी सुलटी बसत असेल तर खण म्हणजे वरच्या साच्याचे उंच भाग, म्हणजे पाच ठिकाणी आवळणार. अंड्याचा ट्रे कुठल्याही जुन्या मशीनवरून विनातक्रार सुटतो, तो याच कारणाने: उतार प्रचंड आणि कोपरे गोल. खणाच्या थाळीत घेणाऱ्याला भिंत सरळ आणि खण मोठा हवा असतो, आणि आपण अंश अंश देत जातो. नवीन साचा बनवाल तेव्हा भिंतीला ७ अंश आणि तळाच्या कोपऱ्याला निदान ३ मिमी त्रिज्या मागा. खण थोडा लहान होईल, त्यात भाजी तेवढीच मावते.

जुना साचा असताना कोन वाढवायला हाताने ग्राइंडर फिरवू नका. मध्येच एखादी जागा आत खोल जाते, डोळ्यांना दिसत नाही, आणि थाळी तिथे अडकून कायमची फाटायला लागते. पॉलिशही उपसायच्या दिशेने, वर-खाली. आडव्या रेघा राहिल्या तर प्रत्येक रेघ मालाला धरते.

नाळ्या मारून झाल्या की जाळी बसवण्याआधी पाण्याचा प्रयोग नुसत्या साच्यावर करा, जाळी बसवल्यावर पुन्हा एकदा करा, आणि दोन्हींचे फोटो ठेवा. पहिल्यात चौक बोलला आणि दुसऱ्यात गप्प राहिला तर जाळी परत पाठवा, साचा मशीनवर चढवू नका.